कॉन्ट्रॅक्ट संपत आलंय, दुसरीकडे इंटरव्ह्यू देऊ का?

प्रश्न: ताई, मी एजन्सीमार्फत एका कंपनीत वर्षभराच्या कॉन्ट्रॅक्टवर आहे, आता दोनेक महिने उरलेत. मॅनेजर म्हणतात "एक्स्टेन्शन होईल बहुतेक, बघू" पण लेखी काहीच नाही. बाहेर अप्लाय केलं तर एका ठिकाणी दुसऱ्या राउंडपर्यंत पोचले, आता तिथली एचआर विचारतेय लगेच जॉइन होणार का. इथलं काम अर्धवट टाकायचं नाहीये आणि ती नोकरी पण सोडवत नाहीये. सरांना सांगू का? इंटरव्ह्यूला जाताना दर वेळी काय सांगायचं? उगाच चोरी करतेय असं वाटत राहतं.

उत्तर: चोरीबिरी काही नाही हो. तुम्हाला घेतानाच त्यांनी शेवटची तारीख लिहून दिलीये, म्हणजे त्या तारखेनंतर तुमची जबाबदारी त्यांच्यावर नाही हे त्यांनी आधीच ठरवलंय, मग त्यानंतरची सोय तुम्ही बघितली तर त्यात लपवण्यासारखं काय आहे? सर खोटं बोलतायत असंही नाही. एक्स्टेन्शन बऱ्याचदा त्यांच्या हातात नसतंच, बजेट वरून मंजूर व्हावं लागतं आणि ते कधीकधी अगदी शेवटच्या आठवड्यात होतं नाहीतर होत नाही. त्यामुळे त्यांचं "बहुतेक" मनापासूनचं असलं तरी त्यावर तुम्ही विसंबून राहू नका.

सरांना "मी इंटरव्ह्यू देतेय" असं सांगत बसायची गरज नाही. एवढंच विचारा, "सर, एक्स्टेन्शनचं लेखी कधीपर्यंत कळेल? मला पुढचं ठरवायचंय." समजणाऱ्याला समजतं. आणि खरंच ठेवायचं असेल तर ते वर जाऊन दोन ठिकाणी बोलतील तरी.

त्याआधी कॉन्ट्रॅक्ट काढून नीट वाचा, आत्ता, आजच. मुदतीआधी सोडता येतं का आणि नोटीस किती ते बघा, कारण काही कॉन्ट्रॅक्टमधे एकदोन आठवड्यांच्या नोटिसीवर दोन्ही बाजू मोकळ्या होतात आणि काहींमधे आधी सोडायची सोयच नसते, मग त्यांच्याशी बोलूनच सुटायला लागतं. शेवटपर्यंत थांबलं तर मिळणारा काही बोनस आहे का तेही बघा, तो सोडायचा असेल तर निदान माहीत असून सोडा. आणि एजन्सीचं कलम! जिथे काम करताय त्याच कंपनीत थेट रुजू व्हायचं झालं तर एजन्सी बऱ्याचदा कंपनीकडून फी मागते किंवा काही महिने थांबायची अट असते. सरांनी उद्या "पर्मनंट करून घेतो" म्हटलं तर गाडी इथेच अडते, आणि ते त्यांनाही आधी माहीत नसतं.

आता त्या एचआरचं "लगेच". हा प्रश्न त्या जवळपास सगळ्यांनाच विचारतात, त्याचं एवढं टेन्शन घेऊ नका. उरलेले राउंड, मग ऑफर, मग कागदपत्रं, बॅकग्राउंड चेक यातच काही आठवडे सहज जातात. सरळ सांगा की माझं कॉन्ट्रॅक्ट अमुक तारखेला संपतंय, त्यानंतरच्या सोमवारपासून येते. पर्मनंट नोकरीतल्या माणसालाही नोटीस असतेच की. फारच अडून बसले तर हँडओव्हर लवकर उरकून थोडं आधी सुटता येईल का ते सरांशी बोला, पण ऑफर लेखी हातात आल्यावरच. तोंडी "सिलेक्ट झालात" ऐकून राजीनामा देणारे लोक मी पाहिलेत, नको ते.

दर वेळी नवीन कारण शोधायला जाऊ नका, आज दात उद्या आजी, लोकांच्या लक्षात येतं. "पर्सनल काम आहे, दोन तास लागतील" एवढं पुरे. सकाळचा पहिला किंवा संध्याकाळचा शेवटचा स्लॉट मागा. तासांवर पैसे मिळत असतील तर तेवढे तास टाइमशीटमधे अजिबात लावू नका, चोरी म्हणायचीच तर ती इथे होते, आणि पकडली गेली तर एजन्सी, कंपनी दोन्हीकडे नाव जातं. ऑफिसचा लॅपटॉप, मेल, कॅलेंडर यावर इंटरव्ह्यूचं काहीही ठेवू नका. लिंक्डइनवर 'ओपन टू वर्क' लावायचं तर फक्त रिक्रूटर्सना दिसेल असं सेटिंग आहे, पण तुमच्या कंपनीतल्या कुणालाच दिसणार नाही याची पूर्ण खात्री लिंक्डइनही देत नाही, हे धरून चाला.

इंटरव्ह्यूत इथल्या फाइली, स्क्रीनशॉट दाखवायचे नाहीत, कितीही मोह झाला तरी. अडचण काय होती, तुम्ही काय केलंत, त्यानं काय फरक पडला हे आतले आकडे, क्लायंटची नावं न सांगताही छान मांडता येतं. रेफरन्ससाठी सरांचं नाव ऑफरच्या टप्प्यावर, आणि त्यांना विचारून.

प्रश्न: माझी तिन्ही कामं सहा-आठ महिन्यांची कॉन्ट्रॅक्टं होती. इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न हाच, "तुम्ही टिकत का नाही?"

उत्तर: कारण तुमच्या सीव्हीत ती कॉन्ट्रॅक्टं आहेत हे कुठे लिहिलेलंच नसणार. प्रत्येक पदापुढे 'कॉन्ट्रॅक्ट, मुदत पूर्ण' असं लिहा, कुठे मुदत वाढवून मिळाली असेल तर ते तर आवर्जून लिहा. एकाच एजन्सीकडून तिन्ही केली असतील तर एजन्सीचं नाव वर आणि तिन्ही कामं त्याखाली घाला. तरी विचारलंच तर "ठरलेलं काम होतं, ते पूर्ण करून निघालो" म्हणायचं आणि गप्प बसायचं, लांबलचक खुलासा दिला की समोरच्याला उगाच वाटतं काहीतरी आहे.