बेसिकमध्ये फाइल कुठे संपते?

प्रश्न : क्यूबेसिकमधला (डॉसवरची बेसिक भाषा) माझा प्रोग्राम सगळी नावं आणि गुण नीट छापतो, पण शेवटी 'इनपुट पास्ट एंड ऑफ फाइल' (फाइल संपल्यावरही वाचायचा प्रयत्न) म्हणून अडतो. ईओएफची, म्हणजे फाइल संपली का सांगणाऱ्या फंक्शनची, तपासणी लूपच्या सुरुवातीलाच आहे.

उत्तर : डेटा फाइलच्या तळाशी रिकामी ओळ आहे का बघा. टाइप करताना शेवटी एंटर जास्तीचा पडतोच. वाचण्याजोगा एखादा बाइट उरलाय का, एवढंच ईओएफ सांगतं; पूर्ण नोंद उरली आहे का, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. म्हणून लूप पुन्हा आत शिरतो, इनपुट नाव आणि गुण मागतं, ते मिळत नाहीत आणि हीच एरर, क्रमांक ६२, येते. 'लाइन इनपुट'ने अख्खी ओळ घ्या, लांबी शून्य असेल तर सोडून द्या आणि स्वल्पविराम 'इनस्ट्र' या शोधणाऱ्या फंक्शनने शोधून तुकडे करा.

प्रश्न : 'इफ ईओएफ(१) = १' ही अट कधीच खरी होत नाही.

उत्तर : होणारच नाही. इथे 'खरं' म्हणजे उणे १. बरोबरीच्या भानगडीत न पडता सरळ 'इफ ईओएफ(१) देन' लिहा.

प्रश्न : डॉसमध्ये 'डिर' ही यादीची आज्ञा फाइल ४० हजार बाइटची दाखवतं, पण प्रोग्राम अर्ध्यावरच फाइल संपली म्हणतो. एररही नाही.

उत्तर : मग मध्येच २६ क्रमांकाचं कॅरेक्टर, म्हणजे कंट्रोल-झेड, बसलं असणार. सत्तरच्या दशकातली सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टिम फाइलची लांबी १२८ बाइटच्या रेकॉर्डांत मोजायची. शेवटच्या रेकॉर्डात खरा मजकूर कुठवर आहे, हे डिरेक्टरीला ठाऊक नसे, म्हणून मजकूर संपल्याची खूण म्हणून त्याच्यानंतर २६ ठेवायची पद्धत पडली. डॉस बाइट न् बाइट मोजतो, त्याला ही खूण नको होती. तरी ती चालत आली, आणि क्यूबेसिक २६ दिसताच फाइल संपली असं मानतं. दोन फाइली 'कॉपी /बी'ने, म्हणजे बाइट जसेच्या तसे ठेवून, जोडल्या की पहिलीच्या शेवटचा २६ मधोमध येतो. फाइल पडद्यावर दाखवणारी डॉसची 'टाइप' आज्ञासुद्धा तिथेच थांबली, तर खात्रीच समजा.

मूळ फाइली असतील तर '/बी' न लावता पुन्हा जोडा. नसतील तर ही फाइल 'फॉर बायनरी' उघडा, १ पासून एलओएफपर्यंत (फाइलची बाइटमधली लांबी) एकेक बाइट 'गेट'ने घ्या आणि २६ वगळून बाकीचे नव्या फाइलीत लिहा. बाइट ज्या स्ट्रिंगमध्ये घ्याल, समजा सी$, तिच्यात आधी एक स्पेस भरा. गेट त्या स्ट्रिंगच्या लांबीइतकेच बाइट उचलतं, रिकाम्या स्ट्रिंगमध्ये काहीच येणार नाही. मोजणारा व्हेरिएबल लाँग घ्या, साधा इंटिजर ३२,७६७ लाच दम तोडतो.

प्रश्न : कमोडोर ६४ या जुन्या घरगुती कॉम्प्युटरच्या बेसिकमध्ये ईओएफ नाही. एसटी हा वाचनाची स्थिती सांगणारा व्हेरिएबल तपासतो, पण शेवटचं नाव छापलं जात नाही.

उत्तर : क्यूबेसिकची सवय इथे नडते. तिथे वाचण्याआधी विचारायचं. इथे शेवटचा बाइट हातात पडतानाच एसटी ६४ होतो, म्हणजे ते नाव तुमच्याकडे आलेलं असतं. आधी छापा, मग तपासा. आणि 'इनपुट#'च्या लगेच पुढे 'एस=एसटी' करून ठेवा, कारण पुढची इनपुट-आउटपुटची आज्ञा एसटी बदलून टाकते.