व्हायरल तापानंतर आपल्याच अँटीबॉडी प्लेटलेट्स नष्ट करतात का?

हो, कधीकधी. मुलाचा सर्दी-ताप बरा होतो आणि दोन-तीन आठवड्यांनी पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठतात; बोटाने दाबले तरी ते फिके पडत नाहीत. रिपोर्टमध्ये प्लेटलेट्स 20 हजारांच्याही खाली, बाकी रक्त ठीक. हा आयटीपी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच प्लेटलेट्स नष्ट करते तो आजार. विषाणूविरुद्ध तयार झालेल्या काही अँटीबॉडी प्लेटलेटवरच्या प्रथिनांना चिकटतात आणि प्लीहेतल्या (पोटात डावीकडे असलेल्या, रक्त गाळणाऱ्या अवयवातल्या) पेशी त्या प्लेटलेट्स गिळून टाकतात.

1950 साली अमेरिकेत सेंट लुईसला विल्यम हॅरिंग्टन या तरुण डॉक्टरांनी आयटीपीच्या रुग्णाचं रक्त स्वतःच्या शरीरात घेतलं. काही तासांत त्यांच्या प्लेटलेट्स कोसळल्या. केवढं धाडस! प्लेटलेट्स मारणारा घटक रक्तातच असतो, हे त्यातून दिसलं.

ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार), एचआयव्ही, हेपॅटायटिस सी यांतही असं होतं. डेंग्यूत मात्र अँटीबॉडी हे एकमेव कारण नाही, विषाणू अस्थिमज्जेचं, म्हणजे हाडांतल्या रक्तपेशी बनवणाऱ्या मगजाचं, कामही मंदावतो.

अँटीबॉडीची टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून आयटीपी नाही असं समजू नका. लहान मुलं बहुतेक वेळा काही महिन्यांत आपोआप बरी होतात. तोवर ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन देऊ नका. नाकातलं रक्त थांबत नसेल, डोकं खूप दुखत असेल, तर लगेच हॉस्पिटल गाठा.