काचोचं सुवर्ण नशिबाचं होतं का?

तुम्ही विचारलंय की 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये स्पेनच्या फर्मिन काचोनं 1500 मीटर 3:40.12 इतक्या संथ वेळेत जिंकली, मग ते सुवर्ण नशिबाचं नाही का.

नाही. आणि हे मी जरा जोरातच सांगतोय, कारण असलं वाक्य मी स्वतः ऐकून घेतलंय.

मी बारावीत होतो. विभागीय स्पर्धा, मातीचं मैदान, फक्की मारलेल्या रेषा, आदल्या रात्री पाऊस. पंधराशेला आम्ही अकराजण. वारा इतका की पुढं व्हायला कुणी तयार नव्हतं, सगळे एकमेकांच्या पाठीशी लपत होते. शेवटच्या फेरीची घंटा झाली तेव्हा मी तिसरा, आतल्या बाजूला, पुरता कोंडलेला. पलीकडच्या सरळ पट्ट्यात कडेला पाणी साचलं होतं. पुढच्या मुलानं ते टाळायला एक पाऊल बाहेर टाकलं, आणि मी त्या चिखलातूनच आत घुसलो. उजव्या पायातला बूट अर्धा निघाला होता, तसाच शेवटपर्यंत पळालो. जिंकलो. वेळ 4:23.

संघाच्या यादीत माझं नाव नव्हतं. आमचे सर म्हणाले, "जिंकलास रे, पण टायमिंग कुठंय? तुझ्या नशिबानं बाकीचे झोपले होते." मी त्यांच्यासमोर एक शब्द बोललो नाही.

काचोची शर्यत मी खूप नंतर पाहिली. केनियाचा जोसेफ चेसिरे पुढं, पहिल्या 800 मीटरला 2:06 पेक्षाही जास्त वेळ. ऑलिंपिक फायनलसाठी ही चाल म्हणजे जवळजवळ चालणंच. पण हिशोब करा: उरलेले 700 मीटर काचोनं 94 सेकंदांच्या आत काढले, म्हणजे 400 मीटरच्या फेरीला साधारण 53 सेकंद. शेवटच्या फेरीत चेसिरे किंचित बाहेर सरकला आणि काचो आतून निघून गेला. अंतिम सरळीत तो पुन्हा पुन्हा मागं वळून बघत होता, स्वतःलाच खरं वाटत नसल्यासारखा. पहिल्यांदा बघताना मी खुर्चीतून उठलो होतो. अल्जेरियाचा जगज्जेता मोर्सेली त्या शर्यतीत सातवा आला. चेसिरेनं आत सोडलेली ती फट सगळ्यांनाच दिसत असेल, पण त्या क्षणी तिथं असणं आणि पायात ताकद राखून ठेवलेली असणं, यालाच पंधराशे म्हणतात.

आणि एकदाच साधलं म्हणावं तर 1993 च्या जागतिक स्पर्धेत रौप्य, 1994 ला हेलसिंकीत युरोपियन विजेतेपद, 1996 ला अटलांटात पुन्हा रौप्य. तिथं मोरोक्कोचा एल गेरुज शेवटच्या फेरीच्या तोंडावर पडला आणि काचो त्याच्यावरून उडी मारून पुढं गेला. 1997 ला अथेन्समध्ये आणखी एक जागतिक रौप्य. त्याच वर्षी झुरिकला 3:28.95, हा युरोपियन विक्रम 2013 पर्यंत टिकला. सोरिया प्रांतातल्या आग्रेदा नावाच्या छोट्या गावातला, एन्रिके पास्क्वालच्या हाताखाली तयार झालेला हा माणूस. टायमिंग नाही म्हणणाऱ्यांनी आता बोलावं.

हां, एक मान्य करतो. मोर्सेली त्या वर्षी दुखापतीतून जात होता, आणि फायनलनंतर महिनाभरातच त्यानं 3:28.86 चा विश्वविक्रम केला. पूर्ण फॉर्मातला मोर्सेली असता तर निकाल वेगळा लागला असता कदाचित. आणि संघ निवडताना वेळ बघावीच लागते, तेही खरं.

तुम्ही स्वतः पळत असाल तर संथ शर्यतीचा सराव वेगळा करा: आधी रमतगमत 800, लगेच 300 जीव तोडून, आणि तेही आतल्या कडेला कोंडून घेऊन. आणि जिंकल्यावर कुणी वेळ विचारली तर खाली मान घालू नका. पहिला कोण आला ते विचारा म्हणावं. मला सरांना तेव्हा एवढंच सांगायचं होतं.