४२९४९६७२९७ ला भागण्याआधी

प्रिय,

तुझी वही पाहिली. ४२९४९६७२९७ ला शंभराच्या आतल्या पंचवीसही मूळ संख्यांनी भागून पाहिलंस आणि एकही भागाकार चुकला नाही. खाली लिहिलंस, 'बहुधा मूळ संख्या.' सतराव्या शतकात फर्मा या गणितज्ञालाही तसंच वाटलं होतं. २ च्या ३२ व्या घातात १ मिळवला की ही संख्या येते. तिच्या कुळातल्या (२ च्या १, २, ४, ८, १६ व्या घातात १ मिळवून येणाऱ्या) आधीच्या पाच, ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७, खरंच मूळ आहेत, म्हणून पुढच्याही असणार, असा त्याचा अंदाज. १७३२ साली ऑयलर या गणितज्ञाने दाखवून दिलं की हिला ६४१ ने पूर्ण भाग जातो.

तुझ्या रीतीने वर्गमुळापर्यंत जायचं तर ६५४२ मूळ संख्या तपासाव्या लागतील. इतकी मेहनत करण्याआधी संख्येलाच विचार: तुझा मूळ भाजक असलाच, तर तो दिसेल कसा?

समज, तो प आहे. मग २ च्या ३२ व्या घाताला प ने भागल्यावर बाकी −१ उरते (म्हणजे पूर्ण भाग जायला १ कमी पडतो), आणि वर्ग केला की ६४ व्या घाताची बाकी १. बाकी १ येण्याची ही पहिलीच वेळ. बाकी १ पहिल्यांदा ज्या घाताला येते, त्याच्या पटींनाच ती पुन्हा येते; म्हणून त्याआधी आली असती, तर तो घात ६४ चा भाजक असता आणि ३२ व्या घातालाही १ च मिळाली असती. (हे वाक्य घाईत वाचू नकोस, सगळा जीव इथे आहे.) दुसरीकडे, फर्माच्याच प्रमेयानुसार २ च्या प−१ व्या घाताची बाकी १ असते. म्हणून प−१ ला ६४ ने भाग गेलाच पाहिजे.

म्हणजे तुझे पंचवीसही भागाकार करायची गरज नव्हती! ६४ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या मूळ संख्या घे: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकारात काम झालं. उत्तर ६७००४१७.

६४१ कडे जरा जवळून बघ. ती ५ × १२८ + १ आहे आणि ६२५ + १६ सुद्धा. पहिल्या रूपावरून, ६४१ ने भागताना ५ × १२८ ची बाकी −१, म्हणून त्याच्या चौथ्या घाताची, म्हणजे ६२५ × २ चा २८ वा घात याची, बाकी १. दुसऱ्या रूपावरून ६२५ च्या जागी −१६ चालतं. १६ म्हणजे २ चा चौथा घात, तो २८ व्या घाताला जोडला की ३२ वा. त्याची बाकी −१. १ मिळवला की शून्य. दहा अंकी संख्येला हातही न लावता! मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी ते तीनदा लिहून काढलं होतं.

आता ६७००४१७ मूळ आहे का, ते तू ठरव. तिचा प्रत्येक भाजक मोठ्या संख्येचाही भाजक आहे, त्यामुळे तीच अट लागू. वर्गमूळ २५८८ च्या आसपास. पहिल्या चार संख्या आपण आधीच बाद केल्यात. ६४१ मात्र पुन्हा तपास, कारण एकच भाजक दोनदा येऊ शकतो. एकूण सात भागाकार होतील. ते सात का, हेही वहीत लिहून पाठव.