बटाट्याला गंधक टाकल्याने माल पोसतो का, सालीवरच्या खपल्या जातात का?

तुम्ही लिहिलंय की बेसलला (लागवडीवेळच्या खतात) एकरी एक पोतं डीएपी, जमीन चुनखडीची, सामू (pH) ८.१, आणि दुकानदार म्हणतोय की १० किलो दाणेदार गंधक टाका, बटाटा पोसेल आणि खपल्याही जातील. पोसण्याचं खरं ठरू शकतं. खपल्यांचं नाही.

डीएपीत गंधक नसतं, खरी अडचण तिथे आहे. सिंगल सुपर फॉस्फेटच्या ५० किलोच्या तीन पोत्यांत २४ किलो स्फुरद येतं आणि सोबत साडेसोळा किलो गंधक. डीएपीच्या एका पोत्यात स्फुरद जवळपास तेवढंच, २३ किलो, पण गंधक शून्य. म्हणून मी बटाट्याला सुपरच वापरतो. तीन पोती वाहायचा त्रास आहे, पण गंधकाचा वेगळा खर्च वाचतो. नत्राचा थोडा भाग भर लावताना (झाडांच्या बुडाला माती चढवताना) अमोनियम सल्फेटमधून दिलात तर आणखी गंधक मिळतं.

त्याआधी माती तपासा. उपलब्ध गंधक १० पीपीएमच्या बरंच वर असेल तर जादा टाकून वजन वाढेल ही आशा सोडा. हलक्या, मुरमाड, शेणखत न पडलेल्या रानात मात्र फरक दिसतो. कमतरता असली की शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडतात. नत्र कमी असेल तर खालची जुनी पानं आधी.

दाणेदार गंधकच घ्यायचं असेल तर लागवडीच्या दोन-तीन आठवडे आधी ओलीवर मातीत मिसळा. मुळं फक्त सल्फेट उचलतात, आणि गंधकाचं सल्फेट जिवाणू सावकाश करतात. तीन महिन्यांच्या पिकात भर लावताना टाकलेलं बरंचसं पुढच्या पिकाच्याच कामी येतं.

आता खपल्या. सामू ५.२ च्या आसपास उतरला की हा रोग दबतो, हे खरं. पण एकरभर रानाच्या वरच्या सहा-सात इंच मातीचं वजन सुमारे ९ लाख किलो. त्यात एकच टक्का चुनखडी धरली तरी ती नऊ टन झाली, आणि ती मोडायला जवळपास तीन टन गंधक लागेल. दहा किलोंनी सामू हलणारसुद्धा नाही.

तो पैसा पाण्याकडे वळवा. गाठी धरू लागल्यापासून चार-पाच आठवडे रान सुकू देऊ नका. पाणी हलकं, पण लवकर लवकर. बेणं खपली नसलेलं निवडा, कच्चं शेणखत टाळा, आणि त्याच रानात लगोलग बटाटा घेऊ नका.

मातीचा रिपोर्ट आला की गंधकाचा आकडा इथे टाका, सुपर आणि अमोनियम सल्फेटची पोती मोजून देतो.