पहिलं वर्ष गाजलं, दुसऱ्या वर्षी काय बिघडलं?

"पहिल्या वर्षी एवढा चमकलो, आता काहीच का जमत नाही? माझं संपलं का?" पंचविशीच्या आसपासची मुलं हा प्रश्न घेऊन माझ्याकडे नेहमी येतात. आधी फोन येतो तो बहुतेकदा आईचा.

हा मुलगा फ्लोरिडातल्या टँपाचा. आईबाबा मूळचे सांगलीकडचे. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. लिहायची परवानगी त्याने दिली आहे.) सॉफ्टवेअर कंपनीत पहिल्याच वर्षी त्याला बक्षीस मिळालं, दुसऱ्या वर्षीच्या रिव्ह्यूत 'मध्यम' शेरा. तेव्हापासून रविवार दुपार झाली की त्याच्या पोटात गोळा येई. मला तो आधी 'मावशी' म्हणाला, मग जीभ चावली.

मी त्याला जेरी राइसची गोष्ट सांगितली. अमेरिकन फुटबॉलमधला सगळ्यात नावाजलेला वाइड रिसीव्हर, म्हणजे लांबून फेकलेला बॉल झेलून पुढे पळणारा खेळाडू. 1985 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाकडून पहिला सीझन खेळताना त्याच्या हातून बॉल सुटायचे, घरच्याच मैदानावर लोक हुर्यो उडवायचे. 49 कॅच, त्यांतून पुढे सरकलेलं अंतर 927 यार्ड, आणि 3 टचडाउन कॅच, म्हणजे समोरच्या संघाच्या टोकाच्या पट्ट्यात पोचून गुण मिळवून देणारे झेल. पुढच्याच वर्षी 1,570 यार्ड आणि 15 टचडाउन कॅच.

मुलगा हसला. "त्याची सुरुवात वाईट होती. माझी चांगली होती. मी मायकेल क्लेटन आहे."

मला क्लेटन माहीत नव्हता. फुटबॉल मला तेवढाच कळतो जेवढा शेजाऱ्यांच्या आरडाओरड्यावरून कळतो. मग त्यानेच सांगितलं. क्लेटन टँपा बे बकानियर्सचा रिसीव्हर. 2004 च्या रूकी, म्हणजे पहिल्या, सीझनमध्ये 80 कॅच, 1,193 यार्ड, 7 टचडाउन. 2005 मध्ये 32 कॅच, 372 यार्ड आणि टचडाउन शून्य. त्यानंतर एकाही सीझनमध्ये पाचशे यार्ड नाहीत. आकडे त्याला पाढ्यासारखे पाठ होते. स्वतःविरुद्धचा पुरावा माणूस असाच जपून ठेवतो.

मी सांत्वन केलं नाही. 'तुझं तसं होणार नाही' हे मी कशाच्या जोरावर म्हणणार? फक्त विचारलं, "2005 मध्ये ते बॉल गेले कुठे?"

तो थांबला. मग म्हणाला, "गॅलोवेकडे."

जोई गॅलोवे हा त्याच संघातला अनुभवी रिसीव्हर. 2004 मध्ये दुखापतीमुळे बराच काळ बाहेर होता. 2005 मध्ये परतला आणि त्याने 83 कॅच, 1,287 यार्ड केले. क्लेटनलाही त्या वर्षी दुखापतींनी ग्रासलं होतं. शिवाय बॉल एकच आणि तो टाकणारा क्वार्टरबॅक दुसराच माणूस. म्हणजे रिसीव्हरच्या नावापुढच्या आकड्यात बाकीच्यांचाही हिशेब असतो.

मी कोरा कागद पुढे सरकवला. वर लिहिलं: 'बॉल कोणाकडे?' पहिल्या वर्षी कोणतं काम त्याच्याकडे आलं, का आलं, ते त्याने लिहायचं. पाचव्या ओळीवर पेन अडलं. त्या वर्षी टीममधल्या दोन सीनियर बाळंतपणाच्या रजेवर होत्या. मोठ्या ग्राहकांचे सगळे कॉल त्याच्याकडे आले होते. आता दोघी परतल्या होत्या.

इथेच थांबलो असतो तर सगळं परिस्थितीवर ढकलून मोकळे झालो असतो. पण पुढच्या भेटीत त्याने स्वतःच आणखी एक ओळ लिहून आणली: 'बक्षीस मिळाल्यापासून मी कोणालाच काही विचारत नाही.' हुशार ठरलेल्याने प्रश्न कसे विचारायचे! या गप्प बसण्यापायी एक चूक तीन आठवडे कोणाच्या लक्षात आली नव्हती. हा भाग मात्र त्याचाच होता, आणि हातात घेण्याजोगाही. आठवड्याला तीन प्रश्न, त्यातला एक त्या दोन सीनियरपैकी एकीला, एवढंच ठरलं.

क्लेटनच्या गोष्टीचा उरलेला भागही त्यानेच सांगितला. आकडे घसरले तरी क्लेटन 2009 पर्यंत बकानियर्सकडेच होता. आपल्या धावणाऱ्या खेळाडूसाठी वाट मोकळी करायची, अंगावर येणाऱ्याला अडवायचं, हे काम तो चांगलं करायचा. यार्डांच्या हिशेबात ते काम येत नाही.

सहाव्या भेटीला कागद चहाच्या डागासकट आला. प्रश्नांच्या रकान्यात बारा खुणा होत्या. आईने मात्र त्याच दिवशी मला मेसेज केला होता: 'ताई, यंदा बक्षिसाचं काही कळलं का?' तो मेसेज मी त्याला दाखवला नाही. आईला मात्र पुढच्या वेळी त्याच्याबरोबर बोलावलं आहे.