वाचक विचारतात : ई-रीडरची फुटलेली स्क्रीन

प्रश्न : माझा २०१५ चा किंडल पेपरव्हाइट पिशवीत दाबला गेला. वरून तडा दिसत नाही, पण अर्ध्या भागात जुनंच पान अडकलंय आणि रेघा उमटल्यात. घरी स्क्रीन बदलता येईल का? (सातारा)

उत्तर : येईल. तडा आत आहे. बोट लागतं तो थर प्लास्टिकचा असतो, वाकतो. त्याखाली ई-इंकचा, म्हणजे अक्षरं उमटवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शाईचा थर ज्या काचेवर असतो ती अगदी पातळ, दाबाने तीच तडकते. काचेवरच्या बारीक तारा तुटल्या की तेवढी शाई हलेनाशी होते. चित्र टिकवायला ई-इंकला वीज लागत नाही, म्हणून जुनं पान तसंच दिसत राहतं.

आधी पॉवर बटण ४० सेकंद दाबून धरा. मग संगणकाला जोडा. संगणकावर किंडलचा ड्राइव्ह दिसला तर मदरबोर्ड (आतला मुख्य सर्किट बोर्ड) ठीक आहे. लगेच पुस्तकं उतरवून घ्या. पासकोड असेल तर ड्राइव्ह दिसणार नाही, त्यावरून घाबरू नका.

मागच्या बाजूचा मॉडेल क्रमांक (तुमच्या यंत्रावर डीपी७५एसडीआय) पाहूनच भाग मागवा. सगळ्या ६ इंची स्क्रीन एकमेकींना चालत नाहीत. स्पर्शाचा आणि उजेडाचा थर आधीच चिकटवलेला पूर्ण संच घ्या. नुसतं पॅनेल (शाईची काच) स्वस्त पडतं, पण जुने थर सोलताना त्यांवर ओरखडे पडतात, धूळ अडकते आणि दिवा लागला की तिथे पांढरे ठिपके चमकतात.

पुढची चौकट क्लिपा आणि गोंदावर बसलेली असते. प्लास्टिकच्या ओपनरने कडेकडेने सोडवा. फिलिप्स (चार पाकळ्यांचा) आणि टॉर्क्स टी५ (चांदणीच्या टोकाचा), दोन्ही पेचकस जवळ ठेवा. आत शिरल्यावर सर्वांत आधी बॅटरी सोडवा. रिबन (भाग जोडणारी चपटी केबल) ओढायची नाही. कनेक्टरची झडप नखाने उचलली की ती आपोआप सुटते.

खरं जिकिरीचं काम त्यापुढे. जुनं पॅनेल धातूच्या सांगाड्याला चिकटलेलं असतं. डोळ्यांना चष्मा लावा, पॅनेलवर चिकटपट्टी मारा म्हणजे कपच्या उडणार नाहीत. हेअर ड्रायरने कोमट करून कडेने आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडा आणि पातळ प्लास्टिक कार्ड हळूहळू सरकवा. पॅनेल फुटलं तरी चालेल, सांगाडा वाकता कामा नये. वाकलेला सांगाडा किंवा मागे राहिलेली गोंदाची एखादी गाठ नव्या काचेला खालून टोचते आणि ती पहिल्या दाबातच तडकते. सांगाडा सपाट पृष्ठभागावर ठेवून तपासा, बोटाला गुळगुळीत लागेपर्यंत पुसा.

नवं पॅनेल चिकटवण्याआधी जोडून पाहा : पानं उलटा, दिवा कमी-जास्त करा, चारही कोपऱ्यांत बोट लावा.

प्रश्न : स्क्रीन बदलली. अक्षरं स्वच्छ दिसतात, पण बोटाला प्रतिसाद नाही. (बेळगाव)

उत्तर : स्पर्शाची रिबन वेगळी असते. बॅटरी सोडवा, ती रिबन काढून सरळ आत सारा, झडप पूर्ण मिटवा. तिरकी बसलेली रिबन हेच बहुधा कारण. तरीही चालली नाही तर रिबनला चुणी किंवा चीर पडली आहे का पाहा. तशी असेल तर संच बदलावा लागेल.